स्किझोफ्रेनिया : रक्तातले किती, मेंदूतले किती?

स्किझोफ्रेनियाचे निदान झाले की घरातून दोन प्रश्न हमखास येतात. ‘आमच्यात कुणालाच नव्हता, मग याला कुठून झाला?’ आणि ‘मेंदूचा स्कॅन केला तर नक्की काय ते कळेल ना?’ पहिला प्रश्न जनुकांचा, दुसरा मेंदूच्या रचनेचा, आणि दोन्ही रास्त आहेत. गेल्या पंधरा वर्षांत या दोन्हींविषयी बरेच नवे कळले आहे. पण घरापर्यंत पोचतात ते मथळे : ‘वेडाचे जनुक सापडले’, ‘मेंदूतला बिघाड दिसला’. अशा अर्धवट माहितीने जुनी भीती जात नाही, ती फक्त वैज्ञानिक भाषेत बोलू लागते. करणी-बाधेच्या जागी ‘खराब रक्त’ आले, तर रुग्णाच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

हा आजार घराण्यातूनच येतो. घरात कुणाला असेल तर होणारच, नसेल तर होणे शक्य नाही.

काही कुटुंबांत स्किझोफ्रेनिया पुन्हापुन्हा दिसतो, हे निरीक्षण शंभर वर्षांहून जुने आहे आणि खरेही आहे. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या ठाम निष्कर्षात. सर्वसाधारण लोकसंख्येत आयुष्यभरात हा आजार होण्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आहे. युरोपातील अनेक अभ्यासांची बेरीज मांडून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉट्समन यांनी दाखवले, की सख्ख्या भावंडाला आजार असेल तर हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास जाते आणि आई-वडिलांपैकी एकाला असेल तर १३ टक्क्यांच्या आसपास. धोका वाढतो, यात शंका नाही. तरीही आजारी आई किंवा वडिलांच्या शंभर मुलांपैकी ८५हून अधिक मुलांना हा आजार होत नाही. उलट, बहुसंख्य रुग्णांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना तो कधीच झालेला नसतो. ‘आमच्याकडे असले काही नाही’ या भरवशावर कॉलेजात जाणाऱ्या मुलाचे भास आणि संशय ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून दिले जातात. हातचे महिने जातात ते अशा वेळी.

आजार ८० टक्के आनुवंशिक आहे, म्हणजे रुग्णाच्या मुलाला तो होण्याची शक्यता ८० टक्के.

हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही, म्हणूनच तो फसवतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता ८० टक्क्यांच्या आसपास येते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय जुळे-नोंदवहीवरून २०१७मध्ये आलेला आकडा ७९ टक्के होता. मात्र हा आकडा समूहाविषयी बोलतो. माणसामाणसांत या आजाराचा कल कमी-जास्त असतो, त्यातला किती फरक जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढेच तो सांगतो. एखाद्या मुलाच्या भविष्याबद्दल तो गप्प आहे. उंचीही सुमारे ८० टक्के आनुवंशिक असते, तरी एकाच घरात एक भाऊ उंच आणि दुसरा बुटका असतो, आणि पोषण सुधारले की सबंध पिढीची उंची वाढते. डेन्मार्कच्या त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मथळ्यात क्वचितच येतो : एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असताना दुसऱ्यालाही तो झाल्याचे प्रमाण फक्त ३३ टक्के होते. या दोघांचे डीएनए जवळपास एकच असते.

उरलेला वाटा परिस्थितीचा आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी नाकेबंदी केलेल्या नेदरलँड्समध्ये, उपासमारीच्या ऐन भरात गर्भधारणा झालेल्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. चीनमधील १९५९-६१च्या दुष्काळातही तेच दिसले. आन्ह्वेई प्रांतातील वूहू भागात १९५९मध्ये जन्मलेल्यांत हे प्रमाण ०.८४ टक्के होते, तर १९६०मध्ये जन्मलेल्यांत २.१५ टक्के. जनुके तीच, गाव तेच, बदलले होते ते आईच्या पोटातले पोषण. बाळंतपणातील गुंतागुंत आणि कोवळ्या वयातले गांजाचे तीव्र व्यसन हेही धोका वाढवणारे घटक आहेत.

स्किझोफ्रेनियाचे एक जनुक आहे. ते सापडले की कोडे सुटले.

थॅलेसेमिया किंवा सिकल सेल यांसारख्या आजारांत एकाच जनुकातील बदल पुरतो. शाळेत शिकवली जातात ती उदाहरणेही अशीच असतात, त्यामुळे इथेही एकच गुन्हेगार असेल असे वाटणे साहजिक आहे. शास्त्रज्ञांनाही ते वाटले होते. स्कॉटलंडमधील एका मोठ्या कुटुंबात दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती आणि तिथे मनोविकारांची रांग लागलेली होती. त्या जागी तुटलेल्या जनुकाला २०००मध्ये ‘डिस्क-१’ हे नाव मिळाले आणि पुढे अनेक वर्षे संशोधन त्याच्याभोवती फिरत राहिले. पण त्या कुटुंबातच तो बदल असलेल्या कुणाला स्किझोफ्रेनिया झाला होता, कुणाला नैराश्य, तर कुणाला काहीच नाही. पुढे हजारो रुग्णांचे डीएनए तपासले गेले, तेव्हा सर्वसाधारण रुग्णांत या जनुकाचा ठळक वाटा दिसला नाही.

चित्र स्पष्ट झाले ते मोठ्या आंतरराष्ट्रीय तपासण्यांतून. २०१४मध्ये सुमारे ३७ हजार रुग्णांच्या अभ्यासात जनुकसंचातील १०८ जागा आजाराशी निगडित आढळल्या. २०२२पर्यंत रुग्णांची संख्या ७६,७५५वर गेली आणि जागांची २८७वर. या प्रत्येक जागेवरचा फरक निरोगी माणसांतही सर्रास आढळतो आणि एकट्याने धोका जेमतेम वाढवतो. मोठा परिणाम करणारे बदलही आहेत, पण ते दुर्मीळ आहेत. २२व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा सुमारे चार हजार जन्मांत एखाद्या बाळात गळालेला असतो. अशा व्यक्तींपैकी प्रौढपणी साधारण चौघांत एकाला स्किझोफ्रेनिया होतो. मात्र सगळ्या रुग्णांत हा बदल असलेले शंभरात एकही भरत नाहीत. ‘सेटडी१ए’, ‘ग्रिन२ए’ अशा दहा जनुकांतील दुर्मीळ बिघाडही २०२२मध्येच पक्के झाले. म्हणजे जनुके अनेक आहेत, आणि प्रत्येक रुग्णात त्यांची जुळणी वेगळी आहे.

बिघडलेले जनुक मेंदूचा एक भाग आक्रसवते आणि त्यातून आजार होतो.

जनुक, मग मेंदू, मग आजार : ही साखळी इतकी सरळ आहे की ती खरी असावीच असे वाटते. रुग्णांत जनुकीय फरक आढळतात आणि त्यांच्या मेंदूचे काही भाग सरासरीने लहान असतात. ही दोन्ही विधाने स्वतंत्रपणे खरी आहेत. पण त्यांना जोडणारी कडी तपासली गेली, तेव्हा ती अपेक्षेपेक्षा फारच कच्ची निघाली. २०१६मध्ये दोन मोठ्या जागतिक गटांनी आपली माहिती एकत्र केली. हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला, थॅलॅमस यांसारख्या भागांचा आकार ठरवणारे सामान्य जनुकीय फरक आणि स्किझोफ्रेनियाचा धोका वाढवणारे फरक यांच्यात त्यांना लक्षणीय सामाईक भाग आढळला नाही. ‘सीओएमटी’ या जनुकाची गोष्टही बोलकी आहे. ते डोपामिन या मेंदूतील रसायनाची विल्हेवाट लावणारे विकर बनवते. त्याच्या एका प्रकारामुळे कपाळामागच्या मेंदूचे काम वेगळे दिसते आणि आजाराचा धोका थोडा वाढतो, असे २००१मध्ये मांडले गेले आणि त्यावर शेकडो शोधनिबंध निघाले. मोठ्या अभ्यासांत आजाराशी त्याचा संबंध टिकला नाही. सुरुवातीचे अभ्यास काही डझन किंवा शंभरेक लोकांचे असत, आणि छोट्या नमुन्यात योगायोगही नियमासारखा दिसतो.

जनुके आणि मेंदू यांचा संबंधच नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. १६व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळाला तर डोके सरासरीपेक्षा मोठे होण्याकडे कल असतो आणि तोच तुकडा दुप्पट झाला तर लहान होण्याकडे. स्किझोफ्रेनियाचा धोका वाढतो तो दुप्पट झालेल्यांत. आणखी बारकाईचा पुरावा ‘सी४’ या जनुकाचा आहे. ते सहाव्या गुणसूत्रावर, रोगप्रतिकारक्षमतेच्या जनुकांच्या गर्दीत बसलेले आहे. २०१६मध्ये स्टीव्हन मॅकॅरोल, बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की या जनुकाच्या ज्या रूपांमुळे मेंदूत ‘सी४ए’ हे प्रथिन जास्त तयार होते, त्याच रूपांनी आजाराचा धोका वाढतो. उंदरांत हे प्रथिन चेतापेशींमधील जोडांच्या, म्हणजे सिनॅप्सच्या, छाटणीत भाग घेताना दिसले. ही छाटणी पौगंडावस्थेत आणि तारुण्याच्या सुरुवातीला जोरात चालते, आणि आजारही बहुधा त्याच सुमारास डोके वर काढतो. तरीसुद्धा सी४च्या सर्वांत धोकादायक रूपाने धोका वाढतो तो सुमारे सव्वापट. २०२२च्या अभ्यासातील जनुकेही चेतापेशींत आणि त्यातही सिनॅप्सच्या कामांत एकवटलेली आहेत. तेव्हा बदल शोधायचा तो पेशींच्या आपसातल्या संवादात. स्कॅनवर दिसणारा आकार हा त्याचा दूरचा आणि अस्पष्ट परिणाम आहे.

एमआरआय काढला की स्किझोफ्रेनिया दिसतो.

हाडाचे फ्रॅक्चर एक्स-रेमध्ये दिसते, मेंदूतली गाठ एमआरआयमध्ये दिसते. मग ‘मेंदूचा आजार’ म्हटल्यावर तो दिसायलाच हवा, ही अपेक्षा चूक म्हणता येत नाही. १९७६मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क येथे ईव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनच्या आधारे दाखवलेही, की जुन्या रुग्णांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या सरासरीने मोठ्या असतात. १९९०मध्ये तर १५ एकसारख्या जुळ्यांच्या जोड्यांचे एमआरआय तुलनेसाठी घेतले गेले, प्रत्येक जोडीतला एक आजारी आणि एक निरोगी. १५पैकी १४ जोड्यांत आजारी भावंडाचा डावा हिप्पोकॅम्पस लहान होता. पण इथे तुलना त्याच डीएनएच्या भावंडाशी होती. समोर बसलेल्या रुग्णाशी ताडून पाहायला असे भावंड नसते. ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६मध्ये दोन हजारांहून अधिक रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना केली. मेंदूच्या आतील भागांपैकी सर्वाधिक फरक हिप्पोकॅम्पसमध्ये होता. तो फरक इतका, की निरोगी लोकांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांचा हिप्पोकॅम्पस सरासरी रुग्णापेक्षाही लहान भरेल. एवढ्या सरमिसळीतून एका माणसाचे निदान होत नाही. डॉक्टर स्कॅन सांगतात तो गाठ, संसर्ग, अपस्मार अशी दुसरी कारणे नाहीत ना, हे पाहण्यासाठी. निदान होते ते रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलून, लक्षणांचा काळ आणि क्रम नीट समजून घेऊन. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणजे आजार नाही, असे समजून गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

मेंदू आक्रसतो तो औषधांमुळे.

ही समजूत सरसकट फेटाळता येणार नाही. माकडांना दीड-दोन वर्षे हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन दिल्यावर त्यांच्या मेंदूचे वजन आणि आकारमान ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरले, हे २००५मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांतही दीर्घकाळ मोठी मात्रा आणि थोडी घट यांचा संबंध दिसतो. म्हणूनच औषधाची मात्रा गरजेपुरतीच ठेवणे हा चांगल्या उपचाराचा नियम आहे. परंतु सगळा दोष औषधावर टाकताना काळाचा क्रम आड येतो. क्लोरप्रोमाझिन हे पहिले औषध मनोविकारांसाठी वापरात आले १९५२मध्ये. जर्मनीत याकोबी आणि विंकलर यांनी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढण्याच्या जुन्या पद्धतीने १९ रुग्ण तपासले आणि १८ जणांत पोकळ्या मोठ्या असल्याचे नोंदवले, ते १९२७मध्ये. औषधाची एकही गोळी न घेतलेल्या आजच्या नव्या रुग्णांतही काही भाग लहान आढळतात. आणि औषध टाळण्याची किंमतही मोजलेली आहे. फिनलंडमध्ये ६२,२५० रुग्णांची नोंद वीस वर्षांपर्यंत पाहिली गेली. औषध न घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण ४६.२ टक्के होते, घेतलेल्यांत २५.७ टक्के. निरीक्षणाच्या अभ्यासातून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, पण औषधे मारतात या समजुतीला हे आकडे अजिबात दुजोरा देत नाहीत.

सगळा खेळ डोपामिनचा आहे.

औषधे डोपामिनचे ग्राहक (रिसेप्टर) अडवतात आणि भास ओसरतात, तेव्हा डोपामिन हेच मूळ कारण असणार, हा तर्क सोपा आहे. त्यात तथ्यही आहे. पेट स्कॅनमध्ये रुग्णांच्या मेंदूतील स्ट्रायटम या भागात डोपामिनची निर्मिती वाढलेली दिसते, आणि डोपामिनच्या ग्राहकाचे जनुक २०१४च्या त्या १०८ जागांत होतेच. पण त्याच यादीत ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या ग्राहकांची जनुकेही आहेत. डोपामिन रोखणाऱ्या औषधांनी भास आणि संशय कमी होतात, मात्र निरुत्साह, अबोलपणा, विस्कळीत एकाग्रता यांवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. २०२४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे औषध डोपामिनच्या ग्राहकाला हातही न लावता, मस्कॅरिनिक ग्राहकांमार्फत काम करते. डोपामिन हा या आजाराचा एक दुवा आहे, एवढेच म्हणता येते.

दोष आई-वडिलांचा : एक तर त्यांच्या संस्कारांचा, नाही तर त्यांच्या रक्ताचा.

आजार ऐन तारुण्यात येतो, बोलणे-वागणे बदलते आणि बघणाऱ्याची नजर आधी घराकडे जाते. अमेरिकेत १९४८मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी तर आजाराला आईचे वागणे कारणीभूत ठरवणारी संज्ञाच रूढ केली आणि हजारो आयांनी तो ठपका सोसला. तो पुसायला सुरुवात झाली दत्तक मुलांच्या अभ्यासांनी. लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६मध्ये ऑरेगनमधील ४७ अशा व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांना जन्मानंतर तीन दिवसांतच आजारी आईपासून दूर करून अन्यत्र वाढवले होते. त्यांपैकी पाच जणांना स्किझोफ्रेनिया झाला. निरोगी आईपासून तसेच दूर वाढलेल्या ५० जणांत एकालाही नाही. वाढवणारी आई कारण नव्हती, हे स्पष्ट झाले. मग दोष रक्ताचा म्हणावा, तर तेही बसत नाही. कोणते जनुकीय फरक मुलात उतरतील, हे कुणाच्या हाती नसते. काही बदल तर आई-वडिलांत नसतातच, ते बीज तयार होताना नव्याने घडतात. फिनलंडमधील दत्तक मुलांच्या अभ्यासाने उपयोगाची गोष्ट सांगितली : जनुकीय धोका असलेली मुले भांडणतंट्याच्या, विस्कटलेल्या घरांत अधिक आजारी पडली आणि शांत घरांत कमी. घर आजार निर्माण करत नाही, पण मुलाला आधार नक्की देऊ शकते.

अशा घराण्यांनी मुलेच होऊ दिली नाहीत, तर आजार संपेल.

लग्न जमवताना हे वाक्य आजही दबक्या आवाजात बोलले जाते. एका राजवटीने ते अमलात आणून पाहिले. जर्मनीत १९३३च्या कायद्याने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची सक्तीने नसबंदी सुरू झाली आणि १९३९पासून त्यांची हत्या. नसबंदी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या रुग्णांची संख्या २,२०,००० ते २,६९,५०० असल्याचा अंदाज आहे. युद्धानंतरच्या पिढीत आजार कमी झाल्याचे आढळले नाही. नैतिकदृष्ट्या ते क्रौर्य होतेच, शास्त्रदृष्ट्याही ते निरर्थक होते. धोका वाढवणारे सामान्य फरक थोड्याफार प्रमाणात प्रत्येकात आहेत, आणि दुर्मीळ बदल दर पिढीत नव्याने जन्म घेतात. तोडून टाकावी अशी ‘आजारी घराणी’ अस्तित्वातच नाहीत.

लाळ किंवा रक्ताच्या तपासणीतून स्किझोफ्रेनिया होणार का, हे आधीच कळते.

खासगी जनुक-चाचण्यांच्या जाहिराती पाहता असे वाटण्यात नवल नाही. हजारो छोट्या फरकांची बेरीज करून ‘जनुकीय गुणांक’ काढता येतो, हे खरे. पण २०२२च्या सर्वांत मोठ्या अभ्यासातही त्या बेरजेने आजाराच्या कलातील फक्त सात टक्क्यांच्या आसपास फरक उलगडला. सर्वाधिक गुणांक असलेल्या गटातही बहुसंख्य लोक आयुष्यभर निरोगी राहतात. शिवाय या अभ्यासांतील बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, आणि दुसऱ्या वंशगटांत हा हिशेब आणखी कच्चा ठरतो. भारतीय व्यक्तीने त्यावर लग्नाचा किंवा अपत्याचा निर्णय घेणे म्हणजे पैसे मोजून धास्ती विकत घेणे. अपवाद आहे. लहानपणापासून हृदयदोष, टाळूचा दोष, शिकण्यात अडचणी अशी लक्षणे एकत्र असतील, तर गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे का, हे तज्ज्ञाच्या सल्ल्याने तपासण्यात अर्थ आहे.

आजार जनुकांत आहे, मग उपचार करून काय उपयोग?

जन्मजात ते अटळ, असे मानण्याची सवय जुनी आहे. पण आजाराचे कारण कुठे आहे आणि त्यावर उपाय आहे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मधुमेहाचा कल जनुकांतून येतो, तरी इन्सुलिन काम करते. स्किझोफ्रेनियात नियमित औषध, कुटुंबाला दिलेली नीट माहिती, काम आणि दिनक्रम यांनी रुग्णाची स्थिती सुधारते. इतर औषधांनी न सावरणाऱ्या रुग्णांसाठी क्लोझापिन आहे. उपचार जितक्या लवकर सुरू होतील, तितका परिणाम चांगला. आपल्याकडे अडथळा जनुकांचा नाही, उशिराचा आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, पाहणी झालेल्या बारा राज्यांत मनोविकृतीच्या सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना उपचार मिळत नव्हते.

घरात कुणाला कानात आवाज येत असतील, अकारण संशय वाढला असेल, कुणी माणसांत मिसळणे सोडून खोलीत कोंडून घेत असेल, तर वंशावळ तपासत बसू नये आणि स्कॅनच्या रिपोर्टची वाट पाहू नये. मनोविकारतज्ज्ञाला गाठावे. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्था रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांसाठीही काम करतात. कुणाच्या रक्तात काय होते याचा शोध शास्त्रज्ञ घेत राहतील. घरच्यांचे काम पहिल्या लक्षणापासून दवाखान्यापर्यंतचे अंतर कमी करण्याचे आहे, आणि त्यासाठी कोणत्याही जनुकाचे नाव माहीत असण्याची गरज नाही.